साखरेचं टपाल

आमच्या इमारतीत साखरेचा आजार असलेली वीस-बावीस माणसं होती. त्यांतल्या एकाचीच साखर मरेपर्यंत ताब्यात राहिली, आणि बाकीच्यांची बिघडायला पुष्कळसा तोच कारण झाला. मागच्या वर्षी तो गेला तेव्हा खाली जमलेली माणसं म्हणत होती, देवमाणूस होता. मी गप्प राहिले. मेलेल्या माणसाच्या दारात तोंड उघडायचं नसतं एवढं मला कळतं. पण एकदा देवमाणूस म्हटलं की पुढचं काही सांगायची सोयच राहत नाही, म्हणून हे लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिते सावकाश, पण काय लिहायचं ते पक्कं ठाऊक आहे.

तो पोस्टमन होता. निवृत्त झाल्यावरही सगळे त्याला पोस्टमनच म्हणायचे, तोंडावरसुद्धा. जोगेश्वरीला पूर्वेला आमची चाळ होती तेव्हापासून तो आमच्यात राहायचा आणि आमच्यातच टपाल वाटायचा. पुढे चाळ पाडली, तिथे सात मजली इमारत झाली, लिफ्ट आली. तो लिफ्टमध्ये कधी चढला नाही. म्हणायचा, लिफ्टमधून मजले कळत नाहीत, नुसते आकडे कळतात.

चाळीत असताना मी मरोळला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायची. घरी सासू एकटी, आणि तिला वाचता येत नव्हतं. गावाहून पत्र आलं की पोस्टमनच तिला वाचून दाखवायचा. सगळं एका सुरात. म्हैस व्याली, काजू बरे लागलेत, धाकट्याला ताप आहे, सगळं सारखंच. सासूचा भाऊ वारल्याचं पत्रही त्याने तसंच वाचलं, मध्ये न थांबता. सासू ऊर बडवायला लागली तर ह्याने पत्राची घडी करून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "पाणी देता का आजी, उन्हाचा आलोय." त्यात वाईटपणा नव्हता. आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याचं, आपलं काम पोचवायचं, असा त्याचा हिशेब. पोस्टकार्ड उघडं असतं, पण त्याने कुणाचं पोस्टकार्ड वाचून गल्लीत बातमी केली असं एकदाही झालं नाही. ह्या गोष्टीसाठी मी त्याला मानायची.

त्याची एक आवडती गोष्ट होती. दर वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला, प्रसाद वाटून झाला की तो ती सांगायचा. एकदा पत्र आलं, पत्ता नुसता 'आंधळी आजी, डोंगराखाली, जोगेश्वरी'. नाव नाही, खोली नाही. पोस्टातले म्हणाले, परत पाठव. हा पाच दिवस आपलं बीट, म्हणजे वाटून दिलेल्या गल्ल्या, संपवून डोंगराच्या कडेकडेने फिरला, आरेच्या जंगलाच्या बाजूचे पाडेसुद्धा पालथे घातले, आणि शेवटी आजी सापडली. "टपाल परत पाठवणं सोपं असतं हो," तो म्हणायचा, "पोचवायला पाय लागतात." सगळे माना हलवायचे. मीही हलवायची.

मग त्याच्या मुलाने त्याला मोबाइल घेऊन दिला, आणि तिथून वाट लागली.

मोबाइलवर त्याचे किती ग्रुप होते ते विचारू नका. गावचा, भजनाचा, जुन्या पोस्टातल्या लोकांचा, सोसायटीचा, व्याह्यांकडचा, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा. प्रत्येक ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी वैद्य झालेला असायचा. आपण सगळे तो कचरा बघतो आणि पुसून टाकतो, निदान पुढे ढकलून मोकळे होतो. ह्याला ते जमेना. ह्याच्या लेखी ते टपाल होतं. आपल्या हातात आलं म्हणजे कुणाचं तरी आहे, ते त्या माणसापर्यंत गेलंच पाहिजे.

कुणाचं, ते त्याला ठाऊक होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये फुकट तपासणी झाली होती, बोट टोचून साखर बघायची. तिथे नावं पुकारायला हाच बसला होता. कुणाला साखर, कुणाला प्रेशर, कुणाचं दोन्ही, सगळी इमारत त्याला पाठ झाली. ते त्याचं नवीन बीट.

रोज जेवायच्या आधी तो मोबाइल पुढ्यात घेऊन बसायचा आणि आलेलं सगळं कागदावर उतरवायचा. कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू, पोस्टकार्डाच्या मापाने कापलेली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. 'खोली ४०३, साखर.' साखर ह्या शब्दाखाली दोन रेघा. अक्षर असं की छापलेलं वाटावं. मग खांद्याला खाकी पिशवी. सरकारी पिशवी परत केली होती, ही त्याने तळमजल्याच्या शिंपिणीकडून तशीच शिवून घेतली होती. दुपारी चारला सातव्या मजल्यापासून तळापर्यंत, आणि तिथून मागच्या दोन चाळींत. दारात येऊन "पोस्ट!" म्हणून ओरडायचा. मी एकदा म्हटलं, "अहो, लोकांकडे आहेत की मोबाइल. त्यातच पाठवा ना."

"मोबाइलमधलं हरवतं वहिनी. हातात दिलेलं राहतं."

खरं होतं ते. राहतंच.

आमच्या घरात दोघी साखरेच्या. मला गोळीवर भागतं. माझ्या धाकट्या जावेला सहा-सात वर्षांपासून इंजेक्शन आहे, सकाळ-संध्याकाळ पोटात टोचायचं. दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या संसारात डोंबिवली-विरारला. आम्ही दोघीच खोली ४०३ मध्ये राहतो, भांडतो आणि जेवतो. ती मला बाय म्हणते. मी आलेल्या चिठ्ठ्या वाचून लोणच्याच्या बरणीखाली घालायची, तेल फळीला लागू नये म्हणून. ती मात्र एकेक चिठ्ठी देवाच्या फळीवर डब्यात ठेवायची.

मी म्हणायची, "अगं, त्यात काय देव आहे?"

"एवढ्या मोत्यासारख्या अक्षरात खोटा कोण लिवतला, बाय?"

तिचं तरी काय चुकलं? आमच्या पिढीला अक्षर चांगलं म्हणजे माणूस शिकलेला, आणि शिकलेला म्हणजे खरं बोलणार, असंच शिकवलंय.

तर आमच्या ओट्यावर सकाळी चार पेले ओळीने, वर बशा झाकलेल्या. एकात भेंडी भिजलेली, एकात मेथी, एकात दालचिनी, एकात कसलं तरी लाकूड. कारल्याचा रस वेगळा. ती ते सगळं तोंड वाकडं करून प्यायची. मग चिठ्ठी आली, भात बंद. आम्ही भातावर वाढलेली माणसं. आठ दिवस ती बांगड्याच्या कालवणात नाचणीची भाकरी बुडवून जेवली, तोंड एवढंसं करून. नवव्या दिवशी चिठ्ठी, भात शिजवून थंड करून दुसऱ्या दिवशी खाल्ला तर चालतो. म्हणजे शिळा भात! तो तर आम्ही जन्मभर खाल्ला, आणि ही साखर तो खाता खाताच झाली.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना एकाच दिवशी दोन चिठ्ठ्या आल्या. एकीत केळं म्हणजे साखरवाल्याला विष, दुसरीत रोज एक केळं खाल्ल्याने साखर उतरते. गुरुजी दोन्ही हातांत दोन घेऊन जिन्यात उभे. मी भाजी घेऊन वर चढत होते.

"पोस्टमन, ह्यातली माझी कुठली?"

"दोन्ही तुमचीच. पत्ता बघा ना, दोनशे दोन."

"अहो, पण मी खायचं काय?"

"ते पाठवणारा जाणे, गुरुजी."

"मग पाठवणारा कोण?"

"ग्रुपवर आलंय," तो म्हणाला आणि पुढच्या दाराकडे वळला. गुरुजींनी त्या दिवसापासून केळं अर्धं खायला सुरुवात केली. शिकलेला माणूस! मी जिन्यातच हसले. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटत होतं, हे मी कबूल करते.

गणपतीच्या आधी आठ दिवस चिठ्ठी आली की गूळ म्हणजे साखर नव्हे, अस्सल गूळ साखरवाल्याने बेधडक खावा, त्याने रक्त शुद्ध होतं. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. जावेने त्या दीड दिवसात किती मोदक खाल्ले ते मी मोजले नाहीत, पण सारणाचा टोप रिकामा झाला होता. मी ओरडले तर डबा उघडून चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. पंधरा दिवसांनी पालिकेच्या इस्पितळात गेलो. साखर भलतीच वर. डॉक्टरने कागदावर इंजेक्शनचा आकडा वाढवला.

तिने विचारलं, "वाढवलंत का हो?"

"साखर वाढली म्हणून वाढवलं. चला, पुढचे."

त्याच्या दारापासून रांग जिन्यापर्यंत होती, त्याला वेळ नव्हता हे मला दिसतं. पण मला राग ह्याचाच येतो. ज्याला कळतं त्याला दोन वाक्यं सांगायला सवड नाही, आणि ज्याला ओ की ठो कळत नाही तो दोन-दोन पानं लिहून पाठवतो, खाली हात जोडलेल्याचं चित्र काढून. मधल्या मधे माझ्या जावेसारखी बाई. तिला दोन वाक्यं हवी होती. इस्पितळात मिळाली नाहीत, ती दारात आली.

चिठ्ठीत असं होतं की इन्सुलिन वाढवत नेलं की मूत्रपिंडं निकामी होतात, मोठ्या कंपन्या ते लपवतात, इंजेक्शन बंद करून एकवीस दिवस अमुक पानांचा काढा घ्या, साखर मुळापासून जाते. खोली ४०३, साखर, खाली दोन रेघा.

ती चिठ्ठी तिने मला दाखवली नाही. इंजेक्शन ती आपलं आपण आतल्या खोलीत टोचून घ्यायची, त्यामुळे मला कळायचंही कारण नव्हतं. दोन-चार दिवस तर ती हसत होती. "माका एकदम बरा वाटता," म्हणायची. मग पाणी प्यायला लागली. तांब्यामागून तांब्या. मग उलट्या. मी म्हटलं, शिळं खाल्लंस. नवव्या दिवशी सकाळी ती उठेना. श्वास असा चालला होता जसं कुणी डोंगर चढतंय, आणि मला म्हणते, "आई, म्हशीक पाणी दाखव." तिची आई जाऊन तीस वर्षं झाली. मी थंड पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर दारातल्या कप्प्यात इस्पितळातून आणलेली इन्सुलिनची बाटली. सील तसंच.

पुढचं फार लिहीत नाही. तिला उचलून रिक्षात घातली, इस्पितळात चार दिवस ती मला ओळखत नव्हती. तिथली एक तरणी डॉक्टरीणबाई चांगली होती, तिने विचारलं, "इंजेक्शन बंद कुणी करायला सांगितलं?" तिचे कपडे बदलताना बटव्यात सापडलेली चिठ्ठी मी काढून दिली. तिने ती उलटसुलट बघितली. मागे कुणाच्या तरी लग्नाचा गणपती छापलेला.

"हे कुठल्या डॉक्टरने लिहून दिलं?"

"पोस्टमनने," मी म्हटलं.

तिला वाटलं मीही भ्रमात आहे. मग म्हणाली, "आजी, आणखी एक दिवस घरी ठेवलं असतंत तर इथे आणायची गरज पडली नसती."

तिसऱ्या दिवशी मी आंघोळीला घरी आले. दार उघडलं तर खाली सरकवलेल्या तीन चिठ्ठ्या. तिन्हींवर ४०३, साखर. माझं डोकं फिरलं. त्या घेऊन तशीच दुसऱ्या मजल्यावर त्याच्या घरी गेले. तो खिडकीशी बसून उद्याच्या चिठ्ठ्या लिहीत होता. सून कणीक मळत होती.

मी चिठ्ठ्या त्याच्या अंगावर टाकल्या. "माझी जाऊ मरतेय आणि तुमचं वाटप चालू आहे?"

त्याने त्या उचलल्या, धूळ झटकली. "मला कळलं वहिनी. फार वाईट वाटलं. पण ते मी लिहिलेलं नाही. मी फक्त पोचवलं."

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"खाली नाव कुणाचं?"

"नाव नसतं त्याच्यावर."

"का नसतं?"

त्याने पेनाला टोपण लावलं.

"हे बघा, मी बावीस वर्षं गोळ्या पॅक केल्या. पट्टीवर नाव, नंबर, तारीख छापलेली असते. आमचं काम काय, तर ती छपाई बघायची. छाप नीट उठला नाही तर ती पट्टी बाजूला. आतली गोळी चांगली का असेना, टाकून द्यायची. का? तर उद्या कुणाला काही झालं तर ती गोळी कुणी केली हे शोधता आलं पाहिजे. मी चौथी शिकलेली बाई, मला हे कळत होतं. तुमच्या चिठ्ठीने माझी जाऊ आडवी झाली, आता मी कुणाच्या दारात जाऊन भांडू? सांगा पत्ता. तुम्ही आंधळ्या आजीचा पत्ता शोधलात ना? ह्याचा शोधून द्या."

तो मोबाइल उघडून बघायला लागला. खरंच बघायला लागला हो! बोट वर-खाली करत. "हे भजनाच्या ग्रुपवर आलं. त्याला त्याच्या साडूने पाठवलं. साडूला..." मग थांबला.

मला एकदम सुचलं. "तुम्हालाही साखर आहे ना? तुम्ही ह्यातलं काय काय करता?"

"मी?" त्याला प्रश्नच कळेना. "मी काही नाही करत."

"म्हणजे?"

"डॉक्टरची एक गोळी. सकाळी. दोन भाकऱ्या, कालवण, वाटीभर भात. आणि हे जिने होतात रोजचे."

"मग ह्या चिठ्ठ्या?"

"त्यांच्यावर माझं नाव कुठे आहे वहिनी? त्या दुसऱ्यांच्या."

सून कणीक मळता मळता थांबली. मी खुर्ची धरून उभी राहिले, नाहीतर त्याच्या थोबाडीत दिली असती. सात मजले आणि मागच्या दोन चाळी, रोज, पिशवी घेऊन. आमची साखर वर चढवता चढवता ह्याची खाली उतरली होती. त्याचा डॉक्टर त्याला शाबासकी द्यायचा, म्हणे. आणि ह्याच्या मनात पाप नव्हतं, हे सगळ्यात वाईट. पाप असतं तर मी पोलिसात गेले असते. ज्याने मनात काही न ठेवता घराघरांत विष दिलं त्याचं काय करायचं?

"तुम्ही एकदा तरी वाचायचं होतं," मी म्हटलं.

"उतरवताना वाचतो की."

"तसं नाही. स्वतःला आलंय असं समजून."

त्याने तिन्ही चिठ्ठ्या पिशवीत घातल्या. मी निघून आले.

दुसऱ्या दिवसापासून तो चिठ्ठ्या परत गोळा करत फिरायला लागला. कुठल्या खोलीत कधी कुठली दिली ते त्याला तोंडपाठ होतं. गुरुजींनी आपल्या सगळ्या दोऱ्याने बांधून परत दिल्या, पण वहीत उतरवून घेतल्यावर. बाकीचे देईनात. शिंपीण म्हणाली, "वा! टपाल कधी परत मागतात का? माझ्या पत्त्यावर आलंय, माझं आहे." सातव्या मजल्यावरच्या बाईंनी तर फोटो काढून सावंतवाडीला, बडोद्याला, दुबईला पाठवून दिलेले. तो म्हणाला, "त्यातलं एक खोटं निघालंय हो." त्या म्हणाल्या, "एकच ना? मग बाकीची राहू देत की." माझी जाऊ इस्पितळात नळ्या लावून पडली आहे हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. ती का पडली हेही ठाऊक होतं. तरी एकाला डबा उघडून त्या चिठ्ठ्या फाडाव्यात असं वाटलं नाही. उलट दोघी-तिघी मला विचारत होत्या, तो काढा तिने अनशेपोटी घेतला होता की जेवून? काहीतरी चुकलं असेल घेण्यात!

अकराव्या दिवशी जाऊ घरी आली. हाडं राहिलेली, आवाज गेलेला, पण शुद्धीवर. इंजेक्शन आता मी टोचायचं असं ठरलं. दोन दिवस तिने टोचू दिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी मी बाटली काढली तर पोटावर पदर घट्ट धरून बसली.

"आज ऱ्हवांदे, बाय."

"का?"

"बंद केलंलं तेव्हा पयले चार दिस बरा वाटलंला. खरा सांगतंय. कदाचित काढोच कमी पडलो."

मी खूप बोलले. शिव्या दिल्या. डॉक्टरीणबाईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती भिंतीकडे बघत बसली. ह्या घरात मी चौथी पास, आणि डब्यात शंभर चिठ्ठ्या. शंभरांपुढे माझं एकटीचं कोण ऐकतो? ताट वाढलेलं, सुई हातात, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली की ही आता मरणार, आणि माझ्या डोळ्यांदेखत, शुद्धीत मरणार.

त्याच वेळी, नेहमीपेक्षा उशिरा, पोस्टमन इमारतीत चिठ्ठ्या वाटत होता. हे मला आवाजावरून कळलं. मी मनात म्हटलं, ह्याला लाज नाही. नंतर शिंपिणीने मला हसत हसत सांगितलं त्यावरून कळलं की त्या दिवशी सगळ्यांना एकच चिठ्ठी होती, आणि खाली त्याचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, खोली नंबर आणि सही. शिंपिणीने त्याला विचारलं होतं, "हे कुठून आलं?"

"कुठून नाही. मीच लिहिलं."

"म्हणजे कुणी पाठवलं नाही?"

"नाही."

"मग कशावरून खरं?" शिंपीण म्हणाली, आणि चिठ्ठी त्याच्या हातात परत दिली. तीन वर्षं तिने आलेली प्रत्येक चिठ्ठी डोळ्याला लावून घेतली होती. गुरुजींनीही विचारलं म्हणे, ह्याला आधार काय. सगळ्या चिठ्ठ्यांत हिच्यावरच माणसाचं नाव होतं, आणि लोकांनी पुरावा मागितला तो हिलाच.

आमच्याकडे तो सगळ्यांत शेवटी आला. सातवा, सहावा, पाचवा करून चौथा सोडून खाली गेला आणि मग परत वर चढून आला. जन्मात त्याने असा मजला चुकवला नव्हता. मी दार उघडलं पण बाजूला झाले नाही. त्याने माझ्याकडे न बघता आत कॉटवर बसलेल्या जावेकडे चिठ्ठी पुढे केली. मी ती मधेच घेतली आणि वाचली.

'मी तीन वर्षं घरोघर ज्या चिठ्ठ्या दिल्या त्यांतली एकही मी तपासलेली नाही. ती माहिती कुणी लिहिली ते मला माहीत नाही. मला औषधातलं काही कळत नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाई माझ्या चिठ्ठीमुळे इंजेक्शन बंद करून मरायला टेकल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी औषध बंद करू नये. माझ्या जुन्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात.' खाली नाव, सही.

मी ती जावेच्या हातात दिली. तिने बोट फिरवत वाचली, ओठ हलवत. तिचं शिक्षण माझ्याहून एक इयत्ता कमी. वाचून झाल्यावर तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमका काय कळता हो ह्यातला?"

तो दारातच उभा. जिने चढून धाप लागलेली.

"काही नाही," तो म्हणाला. "तेच लिहिलंय."

ती चिठ्ठीकडे बघत राहिली. परत पहिल्यापासून वाचली. सही आली तिथे बोट थांबलं. मग तिने पदर बाजूला केला आणि मला म्हणाली, "टोच गो बाय. जेवण निवता."